आधी आखर, मग कोंडवाडा

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आमची कपिला घरी परतली नाही. दुपारी कळले की ती कोंडवाड्यात आहे. आई तिला सोडवायला निघाली, तेव्हा मीही सोबत गेले. दंड आणि चाऱ्याचा खर्च मिळून आईची आठ दिवसांची दुधाची कमाई गेली. पावतीची घडी करून कमरेला खोचत आई एवढेच म्हणाली, "चूक आपलीच हाय, पन गाय बांधू कुठी?"

तिच्या या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. म्हणून हा लेख.

चूक आमचीच होती, हे आधी कबूल केले पाहिजे. सकाळी दूध काढायचे आणि गाय रस्त्यावर सोडून द्यायची, हा आमच्या गल्लीचा रिवाजच आहे. दूध आमचे आणि गाय मात्र गावाची! ती भाजीबाजारात तोंड घालते, उकिरड्यावरचे प्लॅस्टिक खाते, रात्री डांबरी रस्त्यावर बसते. अंधारात तिच्यावर मोटारसायकल आदळली, तर जीव जातो तो दुसऱ्याच्या मुलाचा. शहरात राहायचे, तर शहराचे नियम पाळलेच पाहिजेत, यात शंका नाही. नियम असावा की नसावा, हा माझा वादच नाही. नियम पाळण्यासाठी लागणारी जागा कोणी द्यायची, एवढेच मला विचारायचे आहे.

कोंडवाड्याचा कायदा जुना आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडायचे आणि मालकाने दंड भरल्यावर सोडायचे, अशी रीत त्याने घालून दिली. सात दिवसांत कोणी मागायला आले नाही, तर नोटीस लावायची. आणखी सात दिवस वाट पाहून लिलाव करायचा. हा कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर खेडे होते. खेड्यात प्रत्येकाला कोठा नसला, तरी ढोरे जमण्यासाठी आखर असे, चरण्यासाठी गायरान असे आणि राखण्यासाठी गायकी असे. एवढी सोय असूनही जनावर पिकात गेले, तर दंड. हा न्याय कोणालाही पटेल.

मुंबईचेही उदाहरण पाहण्यासारखे आहे. भर वस्तीतल्या म्हशींच्या तबेल्यांचा प्रश्न तेथे फार बिकट झाला होता. तेव्हा गोरेगावजवळ १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि हजारो म्हशी तिकडे नेण्यात आल्या. शहरी भागात गुरे पाळणे आणि त्यांची ने-आण करणे यांवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा कायदा त्यानंतर, १९७६ साली झाला. परवान्याशिवाय गुरे पाळू नयेत, हा त्याचा गाभा. आरेने सगळा प्रश्न सुटला, असे मी म्हणत नाही. पण तेथे म्हशींना निदान जागा आधी मिळाली आणि परवाना मागून आला.

आमच्याकडे वाशीम जिल्ह्यात काय दिसते? तालुक्याची गावे वाढत आहेत. कालपर्यंत जे शेत होते, तेथे आज ले-आऊट पडले आहे. हद्दवाढ झाली की कालचे खेडूत एका रात्रीत शहरवासी होतात. घरे तीच, माणसे तीच, दावणीची गायही तीच. फक्त काल जे पशुपालन होते, तो आज उपद्रव ठरतो. वऱ्हाडात गायरानाला आपण ई-क्लास म्हणतो. त्यावर कुठे वस्ती झाली, कुठे सरकारी इमारती उठल्या, तर कुठे दांडग्यांनी नांगर घातला. आखर गेला, गायकी गेला. राहिला तो फक्त कोंडवाडा.

"परवडत नसेल, तर जनावरे विकून टाका," असे काही लोक म्हणतात. हे सांगणे सोपे आहे. शहरात एक गाय नि दोन शेळ्या पाळणारा माणूस बहुधा शेतमजूर असतो. त्याला वावर नसते, बँकेत खाते असले तरी त्यात शिल्लक नसते. दावणीचे जनावर हीच त्याची शिल्लक. माझी महाविद्यालयाची फी त्याच शिलकीतून भरली गेली. गोऱ्ह्यांची गोष्ट तर आणखी अवघड. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्या निर्णयाचा वाद मी येथे उकरत नाही. परंतु निकामी गोऱ्ह्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, म्हणून तो रस्त्यावर येतो, हे उघड्या डोळ्यांनी दिसते.

मग उपाय काय? माझ्या अल्पमतीला सुचते ते असे. प्रत्येक नगरपरिषदेने उरलेल्या ई-क्लासपैकी थोडी जागा राखून तेथे सामाईक गोठा बांधावा. पाण्याचे हौद आणि शेणखताचे खड्डे करावेत. जनावरामागे माफक मासिक भाडे घ्यावे. खत विकूनही खर्चाला हातभार लागेल. जनावरांच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो. त्यावरून मालक शोधावा. पहिल्या वेळी समज द्यावी. गोठ्यात जागा मिळूनही जो जनावर मोकाट सोडेल, त्याला दुप्पट दंड करावा, आणि तो आम्हालाही करावा. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची मोकाट जनावरे हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांना निवाऱ्यात नेऊन सांभाळण्यासही सांगितले. नुसते हाकलून भागत नाही, हेच त्यातून दिसते.

गाडगेबाबांचे बालपण मामाच्या गावी, दापुरे येथे गुरे राखण्यात गेले. पुढे त्यांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि आपल्या शेजारच्या मूर्तिजापुरात गोरक्षणही उभे केले. स्वच्छता आणि जनावरांची माया यांचे वैर नाही, हे वऱ्हाडच्या या संताने करून दाखवले. मग आपल्या नगरपरिषदांना ते का जमू नये?

आमची कपिला आता दारापुढच्या बाभळीला बांधलेली असते. शेजाऱ्यांना शेणाचा वास येतो. त्यांचेही खोटे नाही. आज ना उद्या त्यांची तक्रार जाईल आणि आईच्या हाती नोटीस पडेल. ती वाचून दाखवण्याचे काम माझे आहे, कारण घरात वाचता येणारी मी एकटीच. त्या नोटिशीत गाय हलवण्याची मुदत लिहिलेली असेल. ती कोठे हलवावी, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे, एवढीच माझी मागणी आहे.