पाचटाचा धूर आणि फजरची वेळ

ऊसतोड सुरू झाली की जळोची, माळेगाव, भवानीनगर भागात तोडलेल्या फडातले पाचट पेटवले जाते. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार थर बसतो. धूर खालीच कोंडतो. म्हणून फजरच्या नमाजला निघालेल्या वडीलधाऱ्यांच्या आणि सकाळच्या शाळेच्या मुलांच्या वाट्याला तो जास्त येतो.

या धुरातले २.५ मायक्रॉनहून लहान कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्यापेक्षाही बारीक असतात. ते फुप्फुसात खोलवर जातात. ओढणी किंवा रुमाल त्यांना अडवत नाही. घरात दमेकरी असेल तर अशा सकाळी खिडक्या लावून घ्या, फिरायला ऊन वर आल्यावर जा.

खरा उपाय मात्र रानात आहे. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत कुजवले तर खत होते, ओल टिकते, जोराच्या पावसात माती कमी वाहते. २०१९ मध्ये बारामती तालुक्याने उन्हाळ्यात टँकर पाहिले आणि सप्टेंबरात कऱ्हेचा पूर. अशा लहरी हवामानात हे पाचट सोन्यासारखे. माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने तर पाचट न जाळता खोडव्याचे बुडखे छाटून खत पेरणारे ट्रॅक्टरचे यंत्रही तयार केले आहे.

घरचा ऊस असेल तर आज जेवताना हा विषय काढा. फडाला काडी लावणाऱ्याच्या घरातही एखादे लेकरू खोकत असतेच.