हाफ क्लच आणि भूकंप

मी सध्या मॅन्युअल गाडी शिकतोय. क्लच पटकन सुटला की गाडी गचके खाते आणि मागे बसलेले मित्र ओरडतात, "भूकंप!" विनोद ठीक आहे हो, पण ही गाडी आपण उभी कुठे करतो? बिल्डिंगखाली. वर भिंती, खाली नुसते खांब. २६ जानेवारी २००१चा भूकंप भुजजवळचा, पण दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत अशाच कितीतरी बिल्डिंगा कोसळल्या. तळमजलाच कमकुवत! आणि आपण? गाडी घेताना एअरबॅगा मोजतो, फ्लॅट घेताना फक्त "कव्हर्ड पार्किंग आहे ना?" लाखो रुपये मोजताना, खांबांचं डिझाइन भूकंप धरून केलंय का, हे विचारायला लाजायचं कशाला? बिल्डर हसला तर हसू द्या. ड्रॉइंग बघितल्याशिवाय चेक फाडू नका.