दुकान ऑनलाईन, गल्ला कुणाच्या हाती?

पैठणी, कोकम आगळ, गोधड्या, घरगुती मसाले विकणारे मराठी तरुण आज स्वतःचे ऑनलाईन दुकान थाटू लागले आहेत, ही समाधानाची बाब आहे. मात्र बोधचिन्ह आणि वेष्टन यांवर महिनोन्महिने खल करणारा हा तरुण बँकखाते निवडायला अर्धा तासही देत नाही. ‘खाते काय, कुठलेही चालते’ हे उत्तर ठरलेले! एखाद्या ॲपने ‘शून्य शिल्लक, पाच मिनिटांत खाते’ अशी हाळी दिली की विषय संपला. गल्ल्याची किल्ली कमरेला बांधून झोपणाऱ्या पेढीवाल्याच्या नातवाला आपला गल्ला कुणाच्या घरात आहे, हेही ठाऊक नसावे?

‘निओबँक’ नावाचा कोणताही परवाना रिझर्व्ह बँक देत नाही. ॲप एकाचे आणि खाते भलत्याच बँकेत, असा हा संसार असतो. परवाना असला तरी निर्धास्त राहावे असेही नाही. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या फोनपेचे व्यवहारही ठप्प झाले. पेटीएम पेमेंट्स बँकेत १५ मार्च २०२४ नंतर नवा पैसा जमा करण्यास मनाई झाली. ज्यांचे वसुलीचे साधन आणि खाते एकाच दावणीला बांधलेले होते, त्यांना ऐन व्यवसायात धावाधाव करावी लागली.

मग आपली सहकारी बँक बरी, असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्याच्या भावनेत तथ्य आहे. कॉल सेंटरवरचा आवाज कॅश क्रेडिट मंजूर करीत नाही. ओळखीचा शाखाधिकारी निदान प्रस्ताव वाचतो. परंतु जिव्हाळा म्हणजे सुरक्षा नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना प्रारंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेच्या दारातही तशाच रांगा लागल्या. ठेवविम्याचे कवच फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचे झाले खरे. पण एकल मालकीच्या पेढीचे चालू खाते आणि मालकाचे त्याच बँकेतील बचत खाते विम्यासाठी एकत्र मोजले जाते, हे किती दुकानदारांना माहीत आहे?

याहून भीषण संकट गोठवलेल्या खात्याचे. कुणी अनोळखी ग्राहक दोन हजारांची साडी मागवतो. ती रक्कम सायबर फसवणुकीतील निघते आणि परराज्यातील पोलिसांच्या पत्रावरून दुकानदाराचे संपूर्ण खाते बंद पडते. गुन्हा दुसऱ्याचा, शिक्षा माल पाठवणाऱ्याला! वादग्रस्त रकमेपुरतेच खाते गोठवावे, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले. तरीही सरसकट कुलूप ठोकण्याची खोड सुटलेली नाही. ज्याने धंद्यासाठी बचत खातेच वापरले, त्याच्या मुलाची शाळेची फीदेखील त्या कुलपात अडकते. चालू खात्यावर व्याज नाही, किमान शिल्लक राखावी लागते, म्हणून ते टाळणारे हे गणित कधी मांडतात काय?

पेमेंट गेटवे ग्राहकाचा पैसा कोणत्याही बँकेतील चालू खात्यात वळता करू शकतो. त्याच घरचे खाते घेण्याची सक्ती मानण्याचे कारण नाही. रोजची जमा एका बँकेत, आणि कारागीर व कुरिअरला देण्यापुरता महिन्याचा खर्च दुसऱ्या बँकेत, एवढी विभागणी छोट्या दुकानालाही झेपते. खाते उघडण्यापूर्वी शाखेत जाऊन विचारावे: खाते गोठले तर पोलिसांशी पत्रव्यवहार कोण करील? बिल आणि कुरिअरची पावती कुणाकडे द्यायची? यूपीआय स्वतःची की प्रायोजक बँकेमार्फत? या प्रश्नांवर टेबलामागचा माणूस जाहिरातीचे पत्रक पुढे सरकवू लागला, तर सही न करता उठावे आणि समोरच्या रस्त्यावरील बँक गाठावी.