स्पॅनिश शिकायची कोणाच्या मुलांनी?

पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय सरकारने जून 2025 मध्ये मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वाद हिंदी विरुद्ध मराठी असाच रंगला. आमचा प्रश्न वेगळा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर स्पॅनिश, जपानी, थाई अशा परदेशी भाषांची तरतूद आहे. शहरांतल्या महागड्या शाळांत स्पॅनिश शिकवलीही जाते. पण अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांच्या शासकीय निवासी शाळांत ती कोण शिकवणार?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून नाकारले गेले, पर्शियन घ्यावी लागली. आज तोंडावर कोणी नकार देत नाही. तेच काम फी करते.

स्पॅनिश केवळ नोकरीसाठी नको. इंग्रजीतला ‘कास्ट’ ज्या ‘कास्टा’वरून आला, तो शब्द पोर्तुगीजप्रमाणे स्पॅनिशमध्येही आहे. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतल्या माणसांची रक्तावरून उतरंड लावली गेली, अठराव्या शतकात तिची चित्रेही काढली गेली. ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांची मातृभाषा किचे. आपल्या माया समाजाची कहाणी त्यांनी स्पॅनिशमधून जगाला सांगितली. 1992 चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. आपली लढाई जगाला सांगायला आपल्यातले किती जण तयार आहेत?

म्हणून मागणी एकच: परदेशी भाषेचा शिक्षक आधी शासकीय निवासी शाळेत द्या. तरुणांनी हे निवेदन आपापल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात द्यावे.

जय भीम, नमो बुद्धाय!