तारखेची बाजू उघडा, पण मजुरी आधी सांगा

रात्री बाराच्या सुमारास घड्याळ बंद पडते आणि सकाळी हलवले की पुन्हा चालते, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले की आपले बरेच कारागीर मागचे झाकण उघडतात, मशीन धुऊन तेल देतात आणि घड्याळ परत करतात. आठवड्याने तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात! दोष बहुधा डायलखाली असतो. तारीख-वार बदलताना मशीनवर जादा ओझे येते. तिथले ग्रीस वाळून चिकट झाले की मशीन तिथेच अडते.

त्याहून वाईट इलाज म्हणजे तारीख फिरवणारे चाकच काढून टाकणे. घड्याळ चालते, तारीख कायमची गोठते आणि गिऱ्हाइकाला कोणी काही सांगत नाही. याला आम्ही दुरुस्ती म्हणत नाही.

आखातातून आपल्या लोकांनी आणलेली सिको फाइव्ह घ्या. त्यातले ७एस२६ मशीन १९९६ मध्ये आले. तारीख बदलून गेल्यावर काटे पुढे सहापर्यंत आणावेत, म्हणजे चाकाचे बोट चकतीच्या दातांतून सुटलेले असते. मग काटे आणि डायल. वाराच्या चकतीवरची बारीक रिंग चिमट्याने उचलताना वरून लाकडी काडी धरावी. उडालेली रिंग फरशीवर शोधण्यात आमचीही दुपार गेली आहे. खालच्या पातळ पत्र्याचे स्क्रू काढताना तो बोटाने दाबून ठेवावा, कारण तारखेला जागेवर धरणारा खटका ताणात असतो. तो कसा बसला होता, याचे कागदावर चित्र काढून ठेवावे. छापील चकत्या पेट्रोलमध्ये बुडवू नयेत, आकडे जातात. ढकलणारे बोट प्लॅस्टिकचे असते, त्याला चिमट्याने पिळू नये.

आखाती घड्याळांत पुष्कळदा वार इंग्रजी आणि अरबी असतात. चकती खराब झाली म्हणून भंगारातली दुसऱ्याच भाषेची बसवली, तर गिऱ्हाइकाच्या ते लगेच ध्यानात येते. तशीच मिळत नसेल तर बसवण्याआधी विचारावे.

एवढ्या कामाला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक साध्या सर्व्हिसिंगचेच पैसे देऊ पाहते, ही कारागिरांची अडचण खरी आहे. पण मजुरी आधी सांगितली नाही, म्हणून ती मिळत नाही. दोन भाव ठेवावेत, एक साध्या धुण्याचा आणि दुसरा तारखेची बाजू उघडण्याचा. काढलेला तुटका भाग पुडीत बांधून हातात द्यावा. पुडी पाहिली की घासाघीस कमी होते, हा आमचा अनुभव आहे.

आणि घड्याळ देताना एक सांगावे: रात्री नऊ ते पहाटे साडेचार या वेळात चावी ओढून तारीख बदलू नका. तुटलेली बोटे आमच्याकडे बहुतेक त्यामुळेच येतात. आम्ही ते पावतीच्या मागे लिहून देतो.