प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाचे?

जानेवारी २०२३ मध्ये आमदार आदित्य ठाकरे यांनी मुंबईच्या रस्त्यांविषयी काही प्रश्न महापालिका आयुक्तांपुढे मांडले. सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची, सहा हजार कोटींहून अधिक रुपयांची कामे पाच कंत्राटदारांना देण्यात आली होती. ऑगस्ट २०२२ मधील सुमारे ५,८०० कोटींची निविदा रद्द करून ही नवी निविदा काढली गेली होती. मग खर्चाचा आकडा वाढला कसा, आणि लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात नसताना एवढ्या मोठ्या खर्चास मंजुरी दिली कोणी, असा त्यांच्या प्रश्नांचा रोख होता. प्रशासनाने आरोप फेटाळले. सत्ताधाऱ्यांचा प्रतिप्रश्न ठरलेला होता : पंचवीस वर्षे पालिका कोणाच्या ताब्यात होती?

हा प्रतिप्रश्न निराधार नाही. १९९७ ते २०२२ या काळात पालिकेत शिवसेनेचेच वर्चस्व होते. मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या विशेष अहवालात निविदा न मागविता कामे दिल्याचा ठपका आहे, आणि त्या अहवालाच्या कालखंडाचा मोठा भाग शिवसेनेच्या कारकिर्दीतील आहे. त्याचा जाब त्या पक्षाला द्यावाच लागेल. परंतु प्रतिप्रश्न म्हणजे उत्तर नव्हे. पावती आणि रोजकीर्द यांचा मेळ बसत नाही असे एखाद्या कारकुनाने निदर्शनास आणले, तर त्याच्या मागील चुका उगाळून तो मेळ बसत नाही. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू शुद्ध असो वा नसो, पैसा नागरिकांचा असतो आणि उत्तरही त्यांनाच देणे असते.

खरा मुद्दा याहून खोल आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने कारभाराची सूत्रे एका हाती ठेवलेली नाहीत. सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त यांच्यात अधिकार वाटून दिले आहेत. ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या कंत्राटास स्थायी समितीची पूर्वसंमती लागते ती याचसाठी. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागसंख्या यांवरील न्यायालयीन वादांत निवडणूक जवळजवळ चार वर्षे रखडली. वास्तविक, मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हावी असे राज्यघटनेचे २४३-यू हे कलम सांगते. या अवधीत तीन अर्थसंकल्प संमत झाले. २०२५-२६ चा तर ७४,४२७ कोटींचा होता. प्रस्ताव प्रशासनाचा आणि संमतीही प्रशासनाचीच, असा हा व्यवहार होता.

अशा स्थितीत विरोधी नेत्याजवळ पत्र आणि पत्रकार परिषद एवढीच साधने उरतात. पत्रकार परिषदेतील आरोप खुलासा काढून निकालात काढता येतो. समितीत मात्र प्रस्ताव समोर असतो, अधिकारी हजर असतो, आणि सदस्याच्या हरकतीची नोंद इतिवृत्तात राहते. मृणाल गोरे १९६१ मध्ये याच महापालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी रस्त्यावर जसा लढविला, तसाच सभागृहातही लावून धरला. रस्त्यावरच्या आवाजाला सभागृहाचे दार उघडे असावे लागते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शहर भागातील रस्त्यांचे कंत्राट कामातील दिरंगाईमुळे पालिकेनेच रद्द केले. यावरून भ्रष्टाचाराचा आरोप सिद्ध झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिरंगाई वेगळी, अपहार वेगळा. परंतु कंत्राटदाराची कुवत, कामाचा वेग आणि देखरेखीची व्यवस्था यांविषयीची छाननी आधीच उघडपणे झाली असती, तर ही नामुष्की टळण्याची शक्यता होती. उखडलेल्या रस्त्यांचा त्रास सोसला तो बस पकडणाऱ्या चाकरमान्याने आणि शाळेत निघालेल्या मुलांनी.

१५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईसह राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. आता सबब उरलेली नाही. सभागृह आले म्हणजे कारभार आपोआप निर्मळ होतो, असा भोळा समज कोणी बाळगू नये. स्थायी समितीच्या नावाशी टक्केवारीची कुजबुज आजची नाही. तरीही प्रशासककाळातील मोठ्या कंत्राटांचे कागद सभागृहापुढे मागविणे विरोधकांचे कर्तव्य आहे, आणि ते विनातक्रार पुढे ठेवणे सत्ताधाऱ्यांचे. आज उत्तर देणारे उद्या प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाकावर बसणार आहेत, हे मुंबईइतके दुसऱ्या कोणत्या शहराने पाहिले आहे?