रुईच्या फुलावरचा भुंगा

रानफूल पाहायला डोंगरावरच जावे लागते असे नाही. रेल्वेरुळाच्या कडेला, नाल्याकाठी, मोकळ्या प्लॉटवर रुईचे झुडूप असतेच. तिला कोणी खत घालत नाही, पाणी देत नाही. तरी ती जवळजवळ वर्षभर फुलते. तिच्या जांभळट फुलांवर मोठा काळा भुंगा येतो. आपण त्याला पाहिले की चप्पल उगारतो. तो तिथे काय काम करतो, ते आज आम्ही सांगणार आहोत.

बऱ्याच फुलांत पराग म्हणजे सुटी भुकटी असते. रुईत तसे नाही. तिचे पराग चिकटून बारीक पिशव्या होतात आणि त्या दोन-दोन जोडलेल्या असतात. फुलाच्या मधल्या पाचकोनी खांबाला पाच फटी असतात. मध प्यायला बसलेल्या भुंग्याचा पाय फटीत अडकतो. तो हिसका देऊन पाय सोडवतो, तेव्हा पिशव्यांची जोडी पायाला लागून येते. पुढच्या फुलाच्या फटीत ती पिशवी अडकली की फळ धरते. एवढा जोर लहान माशीत नसतो. मुले ज्या 'म्हातारी'मागे धावतात ते रुईचे बी या मेहनतीतून आलेले असते.

हे कीटक आपल्या घरच्याही कामाचे आहेत. पत्र्यावर चढवलेल्या भोपळ्याच्या वेलाला नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे असते. मधमाशी किंवा भुंगा फिरकला नाही तर मादीफुलामागचे इवले फळ पिवळे पडून गळते. आपण म्हणतो, दृष्ट लागली! पुष्कळदा कारण एवढेच असते की पराग पोचला नाही. अशा वेळी सकाळी नरफूल तोडून मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच घासावे.

भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत भोक पाडून राहतो. मादी पकडल्या-दाबल्याशिवाय सहसा डंख करत नाही. नराला तर नांगीच नसते. तेव्हा त्याला मारू नका.

येत्या सुटीला मुलामुलींना घेऊन सकाळी रुईपासून दोन हात दूर दहा मिनिटे उभे राहा. किती भुंगे आले, किती मधमाश्या, कोण किती फुलांवर बसले, ते वहीत लिहू द्या. दुपारी पुन्हा मोजा आणि ताडून पाहा. मात्र पाने-फुले तोडू देऊ नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

या अभ्यासाला फी लागत नाही. डोळे उघडे आणि हात मागे, एवढे पुरे.